मोटेलला काउंटीची मदत मिळेल का?

प्रश्न : न्यूयॉर्क राज्याच्या ग्रामीण भागात जुनं मोटेल घेऊन ते नव्यानं बांधायचं आहे. काउंटीची विकास संस्था पैसे देते, असं ऐकलं. खरं का?

उत्तर : रोख रक्कम हाती पडेल, ही अपेक्षा सोडा. 1969च्या कायद्याखालच्या या औद्योगिक विकास संस्था मुख्यतः करसवलत देतात. बांधकाम साहित्यावरचा विक्रीकर माफ होतो, गहाणखतावरचा नोंदणीकर वाचतो आणि मालमत्ता कराऐवजी करारानं ठरलेली कमी रक्कम काही वर्षं भरायची असते. साहित्य मात्र मंजुरीनंतरच घ्या. आधीच्या खरेदीवर माफी नाही.

ग्राहक थेट दारात येतात अशा धंद्यांना ही मदत सहसा मिळत नाही. तुमची वाट ‘पर्यटनस्थळ’ या अपवादातून जाते. तुमच्या विभागाबाहेरचे पाहुणे मोठ्या संख्येनं येतील, हे कागदावर पटवून द्यावं लागेल. सवलत एक लाख डॉलरच्या वर गेली, तर जाहीर सुनावणी होते. मालमत्ता करातून मिळणारं शाळेचं उत्पन्न घटतं म्हणून गावकरी तिथं जाब विचारतात, आणि तो त्यांचा हक्कच आहे. म्हणून अर्जात नव्या नोकऱ्यांचा आकडा फुगवू नका. शब्द पाळला नाही तर सवलत परत वसूल होऊ शकते.

बऱ्याच काउंट्या खोलीभाड्यावर कर लावून त्यातून पर्यटनाची जाहिरात करतात. तो कर पाहुण्यांकडून घेऊन तुम्हालाच भरायचा आहे, हे हिशेबात धरा.