देवळात जाणारे जास्त जगतात?

प्रश्न : नियमित प्रार्थनेला जाणारे जास्त जगतात, असं अमेरिकेतलं संशोधन वाचलं. मग नामस्मरण वाढवून बीपीच्या गोळ्या सोडल्या तर चालेल का?

उत्तर : गोळ्या सोडायच्या नाहीत, हे आधी. तुम्ही वाचलेला अभ्यास बहुधा १९९९ चा असावा. आठवड्यातून एकापेक्षा जास्त वेळा प्रार्थनेला जाणारे आणि कधीच न जाणारे यांच्या विसाव्या वर्षीच्या अपेक्षित आयुर्मानात त्यात सुमारे ७ वर्षांचा फरक दिसला. कृष्णवर्णीयांत तो १४ च्या घरात. देव एकच, मग फरक दुप्पट का? एक शक्य कारण असं : वंशभेदाच्या काळात शाळा, मदतनिधी, नागरी हक्कांची चळवळ हे बरंचसं त्यांच्या चर्चभोवती उभं राहिलं. आजही अनेक चर्चमध्ये रक्तदाब तपासला जातो. शिवाय नियमित जाणाऱ्यांत दारू-सिगारेट कमी, आणि रविवारी दिसला नाहीत की विचारपूस होते. अर्थात अंथरुणाला खिळलेला माणूस चर्चला जाणारच कसा? आकड्यांतला काही फरक या उलट्या कारणाचाही आहे. अभ्यासात हजेरी मोजली होती, श्रद्धेची खोली नव्हे. तेव्हा नामस्मरण जरूर करा, जमल्यास भजनी मंडळात. गोळीचा डोस मात्र डॉक्टरच ठरवतील.