कापूस हलका, डिझेल जड

वऱ्हाडात कोणी पिकअप घेतली की पेढा तोंडात जायच्या आधी प्रश्न येतो, "ॲव्हरेज काय देते?" मालकाकडेही ठेवणीतला आकडा तयार असतो. पंधरा, सोळा, एखादा छातीठोक अठरा. हा आकडा कोणत्या वेगाचा, किती मालाचा, परतीची रिकामी खेप धरून की सोडून, हे विचारणारा विचारत नाही आणि सांगणारा सांगत नाही. आमच्या घरी ट्रॅक्टर-ट्रॉली आधीपासून होती, पिकअप मागाहून आली. दोन्हींतून कापूस, तूर, सोयाबीन अमरावती-अकोल्याला नेता नेता डिझेलच्या वहीत जे दिसलं ते लिहितो आहे. 'भाड्याचे पैसे वाचतील' म्हणून यंदा जुनी पिकअप घ्यायला निघालेल्यांनी हे वाचून मग सौद्याला बसावं.

वहीतली पहिली विचित्र गोष्ट म्हणजे तूर आणि कापूस यांचा हिशेब जुळेना. तुरीचे कट्टे फालक्याच्या वर जात नाहीत. पंधरा क्विंटल भरले तरी मागून बघणाऱ्याला गाडी निम्मी रिकामी वाटते. कापूस बारा क्विंटलच, म्हणजे वजनानं कमी, पण त्याच रस्त्याला डिझेल जास्त. आमचा ड्रायव्हर सांगायचा, "काका, कापसाले गाडी लय डिझेल पेते." अशा वेळी मालकाच्या मनात पहिली शंका कोणती येते ते सांगायला नको. मी स्वतः शेजारी बसून गेलो, टाकी काठोकाठ भरून निघालो, त्याच पंपावर परत काठोकाठ भरली. पोराचं म्हणणं खरं निघालं.

कारण गाडी भरताना डोळ्यांसमोरच असतं, फक्त कोणी त्याकडे डिझेलच्या नजरेनं बघत नाही. चारी बाजूंना बांबू-बल्ल्या उभ्या करून जाळी बांधतात, दोन माणसं आत चढून कापूस तुडवतात, खालची माणसं गाठोडी वर फेकत राहतात. तुडवून तुडवून ढीग केबिनच्या टपावरून हात-दोन हात वर जातो, दोन्ही बाजूंना पोट सुटतं, वर ताडपत्री पडते आणि दोर आवळला जातो. वजन अजून गाडीच्या ऐपतीत आहे, पण वाऱ्यासमोर आता केबिनऐवजी एक भिंत उभी आहे. सपाट रस्त्यावर एका लयीत चालणाऱ्या गाडीला वजनाचा त्रास बेतानंच होतो. तो चढावर होतो, आणि वारंवार थांबून पुन्हा वेग घेताना होतो. वाऱ्याचा त्रास मात्र वेगाच्या वर्गानं वाढतो. ताशी ६० वर हवा जेवढी अडवते, त्याच्या पावणेदोन पटीहून थोडी जास्त ती ८० वर अडवते. समोरची भिंत दुप्पट केली तर तोही गुणाकार त्यावर बसतो. ताडपत्रीचं एक टोक सुटून फडफडत असेल तर ते आणखी वेगळं. मागून फटफट आवाज येतो तो डिझेल जाण्याचाच आवाज समजावा आणि गाडी बाजूला घेऊन दोर आवळावा.

माझा भाचा टेक्सासात असतो. तिकडे लोक पिकअपच्या मागे चाकांवरचं अख्खं घर जोडून सुट्टीला निघतात. तो म्हणाला, "मामाजी, एरवी गॅलनला वीस मैल जाणारी गाडी घर जोडलं की दहावर येते. घर पोकळ आहे, वजन फार नाही. पण तोंड केवढं!" बाहेरच्या देशांत यावर भरपूर विचार झाला आहे. जर्मनीत मोटारीमागे ट्रेलर असला की सर्वसाधारण मर्यादा ताशी ८० किलोमीटर. इंग्लंडात मोटारवेवर ६० मैल. हे नियम सुरक्षेसाठी आहेत, पण पाळणाऱ्याचं इंधनही वाचतंच. आपल्याकडे कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण राज्य सरकारनं २०२१ मध्ये आणलं. गाडीमागे घर बांधून चिखलदऱ्याला निघालेला माणूस मी अजून पाहिलेला नाही, पण निघालाच तर कापसाची गाडी चालवणाऱ्यांकडून त्यानं चार गोष्टी ऐकून घ्याव्यात.

आता रस्ता. अमरावती-अकोला हा जुना सहा नंबरचा, आताचा ५३ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग. बडनेरा सोडलं की कुरूम, मूर्तिजापूर, मग काटेपूर्णा ओलांडून बोरगाव मंजू आणि अकोला. बरीच वर्षं हा रस्ता म्हणजे शिक्षा होती. मग जून २०२२ मध्ये लोणी ते माना या पट्ट्यात १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटरचा सलग डांबरी पदर टाकला गेला आणि गिनीज बुकात नाव गेलं. आधीचा विक्रम कतारमधल्या दोहाचा होता. रस्ता गुळगुळीत झाला तर डिझेल वाचायला हवं. खड्ड्यापाशी ब्रेक, पहिला गिअर, पुन्हा रेटा, हा सगळा खर्च गेला. पण माझ्या वहीत कापसाच्या खेपांचा खर्च उतरला नाही, उलट थोडा चढला. खड्ड्यांनी जो वेग रोखून धरला होता तो मोकळा सुटला. जुन्या रस्त्यावर पन्नासच्या वर न जाणारं पोरगं नव्या रस्त्यावर कापसाचा डोंगर घेऊन ऐंशी-पंच्याऐंशीनं जायला लागलं, आणि त्याला नाव ठेवावं असंही काही नाही, कारण बाजूनं सगळेच तसे जातात.

हिशेब मांडतो, ज्याच्या त्याच्या गाडीप्रमाणे आकडे बदलावेत. जायचे १०० किलोमीटर, यायचे १००, डिझेल ९३ रुपये धरा. ऐंशीच्या पुढे चालवली तर माझी गाडी कापूस घेऊन नऊच्या आसपास देते आणि रिकामी तेरा. म्हणजे जाऊन-येऊन पावणेएकोणीस लिटर, साडेसतराशे रुपये. तीच गाडी साठ-पासष्टवर ठेवली तर भरलेली बारा आणि रिकामी पंधरा. पंधरा लिटर, चौदाशे रुपये. साडेतीनशे रुपयांच्या बदल्यात मिळालं काय, तर एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटं. आणि ती मिनिटं घेऊन पोचायचं कुठे? जिनिंगच्या फाटकाबाहेरच्या रांगेत. तिथे अर्धा दिवस काट्याची वाट बघायची, दर दहा मिनिटांनी सेल्फ मारून गाडी दोन हात पुढे सरकवायची. रांगेत इंजिन चालू ठेवून बसणारे तर वेगळेच. एकाधिकार खरेदीच्या काळात आमचे वडील केंद्रावर बंडी सोडून रात्री तिथेच काढायचे. रांग तेव्हाही होती, फरक इतकाच की बैल उभे असताना डिझेल पीत नव्हते.

याहून मोठी गोष्ट पुढे आहे. साडेसतराशेला बारा क्विंटलनं भागा. क्विंटलमागे १४५ रुपये नुसतं डिझेल. त्यात टोल, ड्रायव्हरची मजुरी, भराई-उतराई, टायरची झीज मिळवा. आता अकोल्यात शंभर रुपये भाव जास्त आहे म्हणून गावच्या काट्यावरून गाडी वळवणारा माणूस नेमका कशाच्या मागे पळतो? गाडी लिटरला किती जाते हा आकडा चारचौघांत सांगायला बरा, पण शेतकऱ्याच्या कामाचा आकडा हा: परतीसकट एका क्विंटलला किती लिटर. हा एकदा काढला की तूर, हरभरा अकोल्याला नेणं का परवडतं आणि कापूस का परवडत नाही ते कोणी समजावून सांगायला लागत नाही. कट्ट्यांचा माल ठेंगणा असतो, वजनदार असतो, आणि अकोल्याच्या दालमिलांमुळे तुरीला तिथे गिऱ्हाईकही असतं.

ओलाव्याचंही यातच आलं. हमीभावानं सरकारी खरेदी करणारी सीसीआय आठ टक्के ओलाव्याला पूर्ण हमीभाव देते, बारापर्यंत टक्क्यामागे टक्का कापते आणि त्यापुढे कापूस परत. बारा टक्क्यांचा बारा क्विंटल कापूस नेणं म्हणजे जवळपास अर्धा क्विंटल जादाचं पाणी शंभर किलोमीटर वाहून न्यायचं आणि वर भावही कापून घ्यायचा. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये ठरला, त्यातले चार टक्के किती होतात ते ज्यानं त्यानं काढावं. वेचणी करून आलेला कापूस दोन उन्हं खाऊ द्यावा. दवात वेचून त्याच संध्याकाळी गाडी भरू नये.

ट्रॉलीची गोष्ट वेगळी. ट्रॅक्टर पंचवीस-तीसच्या वर जातच नाही, म्हणून वाऱ्याचा प्रश्न फारसा नाही. तिथे डिझेल जातं टायरमध्ये आणि जोडणीत. शेतात चिखलणी-नांगरणीला ट्रॅक्टरच्या मागच्या चाकात हवा कमी ठेवतात ते बरोबर आहे, जमिनीत पकड मिळते. पण त्याच मऊ चाकांवर डांबरी रस्त्यानं मूर्तिजापूर गाठलं की टायर प्रत्येक फेऱ्यात दबतं, तापतं आणि डिझेल खातं. रस्त्याला लागण्याआधी हवा वाढवायची, परत शेतात जाताना कमी करायची. ट्रॉलीच्या टायरला तर कोणी वाली नसतो. किती हवा हवी ते टायरच्या कडेवर छापलेलं असतं, ते वाचावं. चालून आल्यावर चारही चाकांच्या तुंब्यांना हाताची उलटी बाजू लावून बघावी. एक तुंबा बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर त्याचं बेअरिंग धरतंय. अशी ट्रॉली ओढताना ट्रॅक्टर कण्हतो आणि मालक पंपवाल्यावर संशय घेतो.

दोन चाकी ट्रॉली भरताना जुन्या माणसांचं ऐकावं. बंडी उलाळ भरली की जू बैलांच्या मानेवरून वर उठतं, पुढं जड भरली की बैलांची मान मोडते. ट्रॉलीचंही तेच. माल मागे जास्त झाला तर हुक वर उचलला जातो, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड जाते, ती घसरत फिरतात आणि रस्त्यावर ट्रॉली शेपूट हलवायला लागते. पुढे अति झाला तर ट्रॅक्टरची मुंडी हलकी पडून स्टिअरिंग ऐकेनासं होतं. भाच्याकडे त्या चाकांवरच्या घराचं दहा ते पंधरा टक्के वजन हुकावर यावं असा ठोकताळा आहे. आपण टक्के मोजत बसणार नाही, पण अर्ध्याहून थोडा जास्त माल ट्रॉलीच्या चाकांच्या पुढच्या बाजूला ठेवला की काम होतं. पांदणीतून निघताना काळी माती ओली असेल तर मात्र कोणताच हिशेब चालत नाही. एक दिवस थांबणं हेच स्वस्त.

घाटाबद्दल दोन शब्द, कारण परतवाड्याकडून चिखलदऱ्याला सामान नेण्याचं भाडं आलं की पोरं लगेच हो म्हणतात. तिथे खेळ उलटा. वेग कमी, वारा बिनमहत्त्वाचा, वजनच सगळं. पायथ्यापासून चढ सातशे मीटरच्या आसपास आहे. प्रत्येक जादा टनाला तो चढायला नेहमीच्या खर्चावर अर्धा-पाऊण लिटर डिझेल जास्त लागतं, हे शाळेतल्या पदार्थविज्ञानानं काढता येतं. चढताना गेलेलं उतरताना वसूल करू म्हणून गाडी न्यूट्रलला टाकणारे बहाद्दर आहेत. त्यात वाचत काहीच नाही. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजिनाला डिझेल जवळजवळ बंद होतं, न्यूट्रलला मात्र ते जिवंत राहण्यापुरतं पीत राहतं. शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो. आणि बऱ्याच ट्रॉल्यांना ब्रेक नावालाही नसतो, उतारावर ती मागून ट्रॅक्टरला ढकलते.

हळू चालवा म्हणतो आहे तर तेही पूर्ण सांगायला हवं. चौपदरी रस्त्यावर हळू चालणारी आणि न दिसणारी गाडी हा अपघातच आहे, फक्त व्हायचा राहिलेला. डाव्या कडेची लेन सोडू नये, मागे लाल आणि बाजूंना पिवळी चमकपट्टी चिकटवावी, आणि ताडपत्री खाली लोंबून मागचे दिवे झाकत नाही ना हे निघताना बघावं. दिवे असे झाकले जाणं तर जवळपास प्रत्येक कापसाच्या गाडीत होतं. ट्रॉलीला दिव्याची वायरच नसेल तर अंधार पडायच्या आत घरी. मालाची उंची आणि बाहेर आलेलं पोट यांचा कायदाही आहे. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर मर्यादेबाहेर निघालेल्या मालाला दंड वीस हजार आहे, जादा वजनालाही वीस हजार आणि वर टनामागे दोन हजार. एका दंडात हंगामभराचं वाचवलेलं डिझेल जातं.

आता आमच्या घरी कापूस भरताना ढीग केबिनच्या टपापाशी थांबतो. दोन क्विंटल कमी बसतात, भरणारे कुरकुरतात. ते दोन क्विंटल पुढच्या खेपेला. यंदा कापूस जवळच्याच काट्यावर घालायचा आणि पिकअप तुरीसाठी मोकळी ठेवायची असं ठरवलं आहे. अकोल्याला जाताना तुरीचे कट्टे आणि येताना कोणाची तरी ढेप किंवा खत मिळतं का, त्यासाठी निघायच्या आदल्या दिवशी दोन-चार फोन करावे लागतात. रिकाम्या परतीपेक्षा ते फोन स्वस्त पडतात.