जुन्या इंजिनाची टायमिंग-साखळी व तेलगळती

केदारखेड्याकडील ज्या बागाईतदारांपाशी जुने इंजिन आहे, त्यांनी पुढील काम उन्हाळ्यापूर्वीच उरकावे, अशी आमची सूचना आहे. कारण ऐन पाण्याच्या ओढीत इंजिन अडल्यास मोसंबीची बाग हातची जाते.

टायमिंगची साखळी सैल झाली म्हणजे व्हॉल्व्हांची उघडझाप चुकते. नवी घालताना पहिला दट्ट्या वरच्या टोकास आणून चाकांवरील खुणा जुळवाव्यात. नंतर इंजिन हाताने दोन पुरे फेरे फिरवून त्या पुन्हा पडताळाव्यात. मध्येच अडल्यास जोर करू नये. व्हॉल्व्ह दट्ट्यावर आपटून वाकतो. साखळीऐवजी दातेरी चाके असली तरी खुणांचा नियम हाच.

झाकण लावताना पॅकिंग व सील नवे घालावे. ब्रीदरची नळीही साफ करावी. ती तुंबल्यास आतील वायूंचा दाब नव्या सीलातूनही तेल बाहेर लोटतो.