घर आधी कागदावर

स्वतःचे घर बांधण्यासाठी आईवडील वर्षानुवर्षे पै-पै साठवतात. अशा घरात एखादी भिंत चुकीच्या जागी उभी राहिली, तर ती पाडणे परवडत नाही. कागदावरची रेघ मात्र खोडरबराने पुसता येते. म्हणून शहाणी माणसे घर आधी कागदावर बांधतात.

लॉरी बेकर हे एक थोर वास्तुशिल्पकार होते. त्यांचा जन्म १९१७ साली इंग्लंडमध्ये झाला. १९४५ साली ते भारतात आले आणि इथलेच झाले. केरळमधील तिरुवनंतपुरम येथे त्यांनी कमी खर्चाची अनेक घरे बांधली. कुटुंबाच्या गरजा ते आधी नीट समजून घेत. जागेवर झाड असेल, तर ते झाड राखून घराची आखणी करत. विटा उभ्या रचून, मध्ये पोकळी ठेवून ते भिंती बांधत. अशा भिंतीला विटा कमी लागतात आणि बाहेरची उष्णता आत कमी येते. १९९० साली त्यांना 'पद्मश्री' मिळाली. २००७ साली त्यांचे निधन झाले.

आता तुम्हीही एका घराचा नकाशा काढून पाहा. पहिले काम आहे विचारण्याचे. घरात किती माणसे आहेत? अभ्यास कोण करतो? शिलाईचे यंत्र कोठे राहील? आजीचे गुडघे दुखत असतील, तर तिची खोली तळमजल्यावर हवी. न्हाणीघर व शौचालयही तिच्या जवळच हवे. नाहीतर घर नवे होईल, पण आजीचे हाल तेच राहतील!

दुसरे काम दिशा पाहण्याचे. सकाळचे ऊन पूर्वेकडून येते. दुपारनंतर पश्चिमेची भिंत तापते. त्या बाजूला मोठी खिडकी ठेवायची असेल, तर तिच्यावर छज्जा हवा. खोलीत समोरासमोर खिडक्या असल्या, तर हवा खेळती राहते.

तिसरे काम मापाचे. नकाशात १ मीटरसाठी २ सेंटिमीटर असे प्रमाण घ्या. मग ४ मीटर लांब व ३ मीटर रुंद खोली वहीत ८ सेंटिमीटर लांब व ६ सेंटिमीटर रुंद होईल. त्याच प्रमाणात पलंग आणि कपाट यांचे कागदी तुकडे कापा व ते नकाशावर ठेवा. पलंग ठेवल्यावर दरवाजा उघडतो का? कपाटापाशी उभे राहायला जागा उरते का? हे सारे विटा आणण्याआधीच कळते.

खरे घर बांधताना अभियंत्याचा सल्ला आणि ग्रामपंचायतीची किंवा नगरपालिकेची परवानगी लागते. पण त्याआधी आपला नकाशा घरातील सर्वांना दाखवा. स्वयंपाकघर कसे हवे, हे तिथे दिवसभर राबणाऱ्या आईला विचारा. ज्या घराच्या आखणीत सर्वांचा विचार होतो, ते घर सर्वांना आपले वाटते.

स्वाध्याय
१. लॉरी बेकर यांच्या भिंतींना विटा कमी का लागत?
२. आजीची खोली तळमजल्यावर का हवी?
३. 'दरवाजा' हा शब्द उर्दूतही आहे. पाठातून असे आणखी चार शब्द शोधून लिहा.