उजेडाकडून अंधाराकडे : सोनागिरीहून गुहांची भटकंती

भोपाळच्या सोनागिरीतून सकाळी गाडी काढली की नाश्त्याची भूक लागायच्या आत गुहा गाठता येते. दक्षिणेला ओबेदुल्लागंजच्या पुढे भीमबेटका आहे, रायसेन रस्त्याने सांची-विदिशाकडे गेलात तर उदयगिरी, आणि मुक्कामाची तयारी असेल तर पचमढी. या तीन गुहा तीन तऱ्हेच्या आहेत. पहिली उजेडातली, दुसरी छिन्नीने कोरलेली, तिसरी अंग चोरून शिरावे लागणारी. गुहांचा छंद लावून घ्यायचा तर याच क्रमाने जावे.

हा छंद जडतो कशामुळे?

गडावर गेलो की माथा गाठायची घाई असते. गुहेत गाठायला काहीच नसते. तिथे पोचल्यावर पाहणे सुरू होते, आणि जो थांबतो त्यालाच दिसते. उन्हातून आत शिरल्यावर आधी सगळे काळेच वाटते. मंद उजेडाला डोळे पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात. दहा मिनिटांत बाहेर पडणाऱ्याने ती गुहा खरे तर पाहिलेलीच नसते.

दुसरे सुख हवेचे. खोल गुहेतले तापमान त्या भागाच्या वार्षिक सरासरीजवळ टिकून असते, म्हणून ती उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात उबदार लागते. तिसरे सुख सोबतीचे. अरुंद वाटेवर सगळ्यांत हळू चालणाऱ्याची चाल हीच सगळ्यांची चाल होते. आजी आणि नातवंड एकाच खडकापुढे तेवढ्याच कुतूहलाने उभी राहतात. दमसासाची शर्यत नसलेली अशी भटकंती फार थोडी आहे.

पहिली फेरी : भीमबेटका

भोपाळपासून सुमारे 45 किलोमीटर. विंध्याच्या वालुकाश्माची वाऱ्या-पावसाने झीज होऊन इथे निवारे तयार झाले. 1957 मध्ये विष्णू श्रीधर वाकणकरांना रेल्वेच्या डब्यातून हे खडक दिसले. नीमचमध्ये जन्मलेल्या आणि उज्जैनला कर्मभूमी मानलेल्या या मराठी संशोधकाने त्यांचा माग काढला. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वी. एन. मिश्र यांनी 1973 ते 1976 या काळात इथल्या एका निवाऱ्यात उत्खनन केले. 2003 मध्ये युनेस्कोने भीमबेटकाला जागतिक वारसा यादीत घेतले.

शेकडो निवाऱ्यांपैकी पर्यटकांसाठी मोजकेच खुले आहेत, पण एका सकाळसाठी तेवढे भरपूर होतात. ‘झू रॉक’पुढे आधी फक्त प्राण्यांची गर्दी दिसते. थोडे थांबा. एका चित्रावर दुसरे, त्यावर तिसरे असे थर उलगडत जातात. त्याच कातळावर वेगवेगळ्या काळच्या माणसांनी पुन्हा पुन्हा रंग चढवला आहे. वराह असलेल्या खडकावर शिंगे असलेला प्रचंड प्राणी माणसामागे लागलेला आहे, आणि जवळच खेकडाही आहे.

निरखून पाहण्याचे मोल सांगणारी एक अलीकडची हकीकतही इथलीच. 2021 मध्ये शास्त्रज्ञांच्या एका गटाने इथल्या सभागृहासारख्या मोठ्या गुहेच्या छतावर डिकिन्सोनिया या अतिप्राचीन जीवाचा जीवाश्म सापडल्याचे जाहीर केले. पुढे दुसऱ्या गटाने प्रत्यक्ष येऊन पाहिले, तर तो ठसा मधमाश्यांच्या सुकलेल्या पोळ्याचा निघाला. 2023 मध्ये तसे प्रसिद्ध झाले आणि मूळ दावा करणाऱ्या शास्त्रज्ञाने हा नवा निष्कर्ष मान्यही केला. तेव्हा मान वर करून नीट पाहा. एक तर तिथे काय आहे ते कळेल, आणि दुसरे म्हणजे कड्याला आग्या मोहोळ लटकलेले असेल तर वेळेवर मागे फिरता येईल. उग्र अत्तर, धूर आणि आरडाओरडा इथे टाळाच.

परतताना राजा भोजाचे अपूर्ण राहिलेले भोजपूरचे शिवमंदिर बघावे. आसपासच्या कातळावर मंदिराचे आराखडे कोरलेले आहेत.

दुसरी फेरी : उदयगिरी

विदिशेजवळच्या या टेकडीत 20 लेणी आहेत. सहाव्या लेण्यातला शिलालेख गुप्त संवत 82 चा, म्हणजे इसवी सन 401-402 चा आहे. पाचव्या लेण्यातला वराह पृथ्वीला उचलून धरतो, आणि तेराव्यात शेषशायी विष्णू आहे. वेरूळ-कार्ले पाहिलेल्या डोळ्यांना ही लेणी लहान वाटतील. पण सह्याद्रीतल्या काळ्या बेसाल्टऐवजी इथे वालुकाश्म आहे. पोत, झीज आणि छिन्नीच्या खुणा ताडून पाहा. विजेरी समोरून न धरता बाजूने तिरपी धरली की पुसट झालेले कोरीवकाम उठून दिसते. सांची वाटेवरच आहे, पण दोन्ही एका दिवसात उरकू नका.

तिसरी फेरी : पचमढी

भोपाळहून सुमारे 200 किलोमीटर, जवळचे रेल्वे स्थानक पिपरिया. गुप्त महादेवाच्या गुहेत अंग तिरके करून, एका कुशीने सरकावे लागते आणि एका वेळी मोजक्याच लोकांना आत सोडतात. बंदिस्त जागेची भीती आपल्याला किती, हे इथे कळते. भीती वाटली तर सरळ बाहेर या, त्यात कमीपणा नाही.

नागपंचमीच्या सुमारास विदर्भातून हजारो भाविक नागद्वारीच्या यात्रेला येतात, डोंगर-दऱ्या पायी तुडवत पद्मशेष गुहेपर्यंत जातात. व्याघ्र प्रकल्पातली ही वाट एरवी बंद असते. गुहेची ओढ मराठी माणसाला नवी नाही, हे ती गर्दी पाहिल्यावर पटते.

इथवर जमले तर पुढचा पल्ला छत्तीसगडमध्ये जगदलपूरजवळच्या कांगेर खोऱ्यातल्या कुटुमसरचा. ही चुनखडीची खरी भूमिगत गुहा आहे. लवणस्तंभ, पूर्ण अंधार आणि दृष्टी क्षीण झालेले मासे आत आहेत. पावसाळ्यात ती बंद असते आणि वाटाड्याशिवाय जाता येत नाही.

सोबत काय घ्यावे

भीमबेटका आणि उदयगिरीला पाणी, टोपी, घट्ट पकडीचे बूट आणि एक विजेरी पुरते. अंधाऱ्या गुहेसाठी हेल्मेट, डोक्याला बांधायचा दिवा आणि प्रत्येकाकडे आणखी दोन स्वतंत्र दिवे हवेत. मोबाइलचा उजेड त्यात धरू नये. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. वटवाघळांची विष्ठा साचलेल्या जागी तिच्यातल्या बुरशीमुळे फुप्फुसांना संसर्ग होऊ शकतो, म्हणून अशा जागा टाळा.

हे कायम पाळा

चित्रांना हात लावू नका. रंग उठून दिसावा म्हणून त्यांवर पाणी तर कधीच मारू नका. लवणस्तंभ वाढायला हजारो वर्षे लागतात आणि बोटांचा तेलकटपणाही त्यांची वाढ थांबवू शकतो. वटवाघळे झोपलेली असतील तिथे प्रकाशझोत मारू नका. जंगलातल्या अनोळखी कपारीत एकट्याने शिरू नका. तिथे अस्वल किंवा बिबट्याचा मुक्काम असू शकतो. कुठे जातोय आणि किती वाजेपर्यंत परतणार, हे घरी सांगून निघा. पावसाची शक्यता असेल तर पाणी वाहणाऱ्या गुहेचा बेत रद्द करा.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा हंगाम उत्तम. सुरुवात भीमबेटकापासून करा आणि दुर्बीण असेल तर बरोबर ठेवा. तिथे एका खडकापुढे अर्धा तास बसून कंटाळा आला नाही, तर पुढच्या गुहा तुमच्यासाठीच आहेत.