सार्वजनिक ठिकाणी स्तनपान : वस्त्र, वेळ आणि न मोजलेला खर्च

आईचे दूध विनामूल्य असते, असे वाक्य स्तनपानविषयक प्रचारसाहित्यात बहुधा आढळते. बाळाच्या बाजूने पाहता ते खरे आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मात्र 'विनामूल्य' या शब्दापाशी थोडे थांबणे आवश्यक आहे. ज्या वस्तूची किंमत बाजारात ठरत नाही, तिला उत्पादनखर्च नसतो असे नाही. तो खर्च कोण सोसतो, एवढेच दृष्टीआड झालेले असते.

नवजात अर्भकाला दिवसाच्या चोवीस तासांत साधारणतः ८ ते १२ वेळा अंगावर पाजावे लागते. प्रत्येक वेळेस २० मिनिटे धरली, तरी हा अवधी २ तास ४० मिनिटांपासून ४ तासांपर्यंत जातो. हे काम पुढे ढकलता येत नाही आणि दुसऱ्या व्यक्तीकडे सोपविताही येत नाही. आई घराबाहेर असेल तर बसस्थानक, बाह्यरुग्ण विभागाची रांग, शिधावाटप दुकान, बँक किंवा परीक्षा केंद्राचे आवार येथेच तिला बाळाला पाजावे लागते. अशा वेळी तिच्यापुढे दोन प्रश्न असतात : बसायचे कोठे आणि अंगावरील कपड्यांत हे जमायचे कसे? पहिल्या प्रश्नावर अलीकडे न्यायालयीन निकाल व शासकीय आदेश झाले आहेत. दुसरा प्रश्न किरकोळ, बायकांच्या आवडीनिवडीचा समजून धोरणचर्चेबाहेर राहिला. वस्तुतः या दोहोंचा संबंध निकटचा आहे. सार्वजनिक व्यवस्था जेथे अपुरी पडते, तेथे तिची भरपाई आई आपल्या वस्त्रांतून, वेळेतून आणि पैशातून करीत असते.

पारंपरिक वेश आणि बदलते काम

भारतातील अनेक पारंपरिक वेशांत स्तनपानाची सोय अंगभूत होती. महाराष्ट्रातील चोळीची गाठ पुढे बांधली जाई आणि वरून पदर असे. कोणतेही जादा वस्त्र न वापरता आई शेताच्या बांधावर किंवा आठवडी बाजारात बाळाला पाजू शके. आसामातील मेखला-चादर या वेशातील चादर, उत्तरेकडील ओढणी आणि काश्मीरमधील सैल फेरन यांचा उपयोगही याच प्रकारे होत आला आहे. तथापि परंपरेतील प्रत्येक वस्त्र आईच्या सोयीचेच होते, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. राजस्थानातील कांचळी पाठीमागे नाड्यांनी बांधली जाते; तेथे सगळी भिस्त ओढणीवरच राहते.

गेल्या काही दशकांत कामाचे स्वरूप बदलले आणि त्याबरोबर वेशही बदलला. दुचाकीवरून प्रवास, यंत्रांजवळचे काम, महाविद्यालयीन शिक्षण व गणवेशाची नोकरी यांमुळे सलवार-कुर्ता, शर्ट-पँट अशा वस्त्रांचा प्रसार झाला. हालचालीच्या दृष्टीने ही वस्त्रे निःसंशय सोयीची आहेत. परंतु पुढे उघड नसलेला अंगासरशी कुर्ता बाळाला पाजताना कमरेपासून वर उचलावा लागतो, आणि पाठीला चेन असलेल्या कुर्त्यात तर एका हाताने काहीच करता येत नाही. तयार कपड्यांच्या उद्योगाने ही गरज बऱ्याच उशिरा ओळखली आणि ओळखल्यावर तिला स्वतंत्र, बहुधा महागड्या, मालाचे रूप दिले.

निवडीचे निकष

या प्रयोजनासाठी कोणते वस्त्र योग्य, याचा विचार करताना एक गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते, ती म्हणजे आईचा एक हात बाळाला धरण्यात गुंतलेला असतो. त्यामुळे पुढून उघडणारे, एका हाताने लावता-काढता येतील अशा दाब-बटनांचे किंवा हुकांचे वस्त्र सर्वांत उपयुक्त ठरते. दुसरा चांगला मार्ग दोन थरांचा आहे. आत खोल गळ्याची बंडी आणि वर सैल कुर्ता घातल्यास वरचा थर उचलता येतो व आतला खाली ओढता येतो. पोट आणि पाठ झाकलेली राहतात. कुर्त्याच्या पुढील दोन उभ्या शिवणींमध्ये लपलेली चेन बसविणे हा तिसरा मार्ग. गल्लीतील कोणताही शिंपी हे काम जुन्या कुर्त्यावरही करून देऊ शकतो.

भारतीय हवामानात सुती कापडाला पर्याय नाही असे म्हणण्यास हरकत नाही. घाम शोषला जातो, बाळाच्या गालाला कापड टोचत नाही आणि वारंवार धुता येते. टिकल्या, जर, खडे आणि विशेषतः पदराला लावलेल्या टाचण्या बाळासाठी धोक्याच्या आहेत. गडद किंवा छापील कापडावर दुधाचे ओले डाग कमी दिसतात. दूध अवेळी पाझरणे ही नेहमीची बाब असल्याने कामावर जाणाऱ्या स्त्रीला याचे महत्त्व चांगलेच ठाऊक असते. आतील वस्त्र घट्ट असल्यास स्तनावर सतत दाब येऊन दूधवाहिनी तुंबण्याची व त्यामुळे गाठ, वेदना किंवा दाह होण्याची शक्यता असते. म्हणून सौंदर्यापेक्षा सैलपणा महत्त्वाचा.

बाळावर ओढून घेण्याच्या आच्छादनाबाबत थोडी सावधगिरी हवी. मे महिन्यातील बसगाडीत बाळाचे तोंड जाड कापडाखाली झाकणे त्याच्यासाठी त्रासदायक असते. त्याला हवा मिळाली पाहिजे, आणि बाळ नीट चोखते आहे किंवा नाही हे आईला दिसले पाहिजे. मलमलीची ओढणी खांद्यावरून सैल सोडणे पुरेसे असते. त्यातही आच्छादन ही आईची इच्छा आहे, तिच्यावरील बंधन नव्हे.

खर्चाचे गणित

स्तनपानासाठीचे खास वस्त्र ही मर्यादित काळ वापरली जाणारी टिकाऊ वस्तू आहे. अशा वस्तूचा खरा खर्च तिच्या छापील किमतीवरून कळत नाही. वापराच्या दिवसांवर तो विभागावा लागतो. स्तनपानानंतर साधा कुर्ता म्हणून तेच वस्त्र वापरता आले, तर नेहमीच्या कुर्त्याहून जादा मोजलेली रक्कम हाच स्तनपानाचा खर्च मानावा लागेल. शिंप्याकडून जुन्या कपड्यात केलेला बदल या कसोटीवर बहुतेक वेळा स्वस्त ठरतो.

करव्यवस्थेत या वस्त्रांना वेगळे स्थान नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराच्या दरांनुसार २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्याच्या नगावर ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के कर आहे. तत्पूर्वी ५ टक्क्यांची मर्यादा १,००० रुपये होती. त्याच वेळी दूध पाजण्याच्या बाटल्यांवरील कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. म्हणजे बाटली आणि मध्यम किमतीचा स्तनपानोपयोगी कुर्ता आज एकाच करपट्टीत आहेत.

वस्त्रापेक्षा मोठा खर्च अर्थातच वेळेचा. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणानुसार विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, तर पुरुष ८८ मिनिटे. दुसरीकडे, नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात १५ वर्षांवरील स्त्रियांचा श्रमबल सहभाग २०१७-१८ मधील २३.३ टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्क्यांवर गेला. या वाढीत ग्रामीण स्वयंरोजगाराचा वाटा मोठा आहे. म्हणजेच जेथे पाळणाघर नाही, रजा नाही आणि बसायला आडोसाही नाही, अशा ठिकाणी काम करणाऱ्या स्त्रिया वाढल्या आहेत.

राष्ट्रीय लेखा पद्धतीतील विसंगती येथे लक्षात घेण्याजोगी आहे. दुधाच्या भुकटीचा डबा विकला गेला की स्थूल देशांतर्गत उत्पादनात भर पडते. आईने अंगावर पाजले तर पडत नाही. न्यूझीलंडच्या मॅरिलिन वेअरिंग यांनी १९८८ मधील आपल्या ग्रंथात स्त्रियांच्या न मोजलेल्या श्रमाचा मुद्दा मांडला, तर ऑस्ट्रेलियातील अर्थतज्ज्ञ ज्युली स्मिथ यांनी मानवी दुधाचे मूल्य राष्ट्रीय लेख्यांत धरावे यासाठी दीर्घकाळ लेखन केले आहे. स्तनपानाचे लाभ बाळापुरते मर्यादित राहत नाहीत. अतिसार व श्वसनविकार कमी झाल्याने कुटुंबाचा आणि सार्वजनिक आरोग्य यंत्रणेचाही खर्च वाचतो. लाभ अनेकांना आणि खर्च एकीला, अशा या स्थितीला पाठ्यपुस्तकात धन बाह्यता म्हणतात. बाह्यता असते तेथे समाजाला हवे त्याहून कमी उत्पादन होते, आणि शासनाच्या हस्तक्षेपाचे समर्थन तेथूनच सुरू होते.

आकडेवारी काय सांगते?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार सहा महिन्यांखालील केवळ आईच्या दुधावर असलेल्या बालकांचे प्रमाण २००५-०६ मध्ये ४६.४ टक्के, २०१५-१६ मध्ये ५४.९ टक्के आणि २०१९-२१ मध्ये ६३.७ टक्के होते. ही प्रगती समाधानकारक आहे. परंतु जन्मानंतर पहिल्या तासात स्तनपान सुरू झालेल्या बालकांचे प्रमाण शेवटच्या दोन सर्वेक्षणांत ४१.६ वरून केवळ ४१.८ टक्क्यांवर आले, आणि याच काळात संस्थात्मक प्रसूती मात्र ७८.९ वरून ८८.६ टक्क्यांवर पोहोचल्या. पहिला तास रुग्णालयाच्या हाती असतो. तेथील अपयशाचा आईच्या कपड्यांशी संबंध नाही. त्यानंतरचे सहा महिने मात्र आईचे बाहेर जाणे, तिचे काम आणि चार लोकांत बाळाला पाजण्याची तिची मोकळीक यांवर बऱ्याच अंशी अवलंबून असतात. दोन्ही टप्प्यांवर एकच उपाय सुचविणारी उत्तरे परीक्षेत नेहमी दिसतात; ती अपुरी आहेत.

कायदा, न्यायालये आणि हिरकणी कक्ष

बालदुग्ध पर्यायांच्या जाहिरातींवर १९९२ च्या अधिनियमाने बंदी आणली व २००३ च्या दुरुस्तीने ती अधिक कडक केली. प्रसूती लाभ अधिनियम, १९६१ मध्ये २०१७ साली दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा २६ आठवडे झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. तेथे आईला दिवसातून चार वेळा जाण्याची मुभा आहे. या तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळेत दोन स्तनपान-विश्रांतीही तीत आहेत. २६ पैकी ८ आठवड्यांपर्यंतची रजा प्रसूतीपूर्वी घेता येते. ती पूर्ण घेतल्यास नंतर १८ आठवडे उरतात आणि केवळ स्तनपानाचे सहा महिने पूर्ण होण्याआधीच आईला कामावर हजर व्हावे लागते.

सार्वजनिक जागांबाबत तामिळनाडूने ऑगस्ट २०१५ मध्ये बसस्थानकांवर स्तनपान कक्ष सुरू करून पुढाकार घेतला. महाराष्ट्रात अशा कक्षांना 'हिरकणी कक्ष' हे नाव आहे. रायगडावर दूध विकण्यास गेलेली आणि दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्या बाळासाठी रात्री कडा उतरून गेलेली हिरकणी आख्यायिकेतून सर्वांना परिचित आहे. तिच्या मातृप्रेमाचा गौरव होतो आणि तो योग्यच आहे. पण ती उदरनिर्वाहासाठी बाळाला घरी ठेवून आलेली कष्टकरी स्त्री होती, इकडे सहसा कोणी लक्ष वेधत नाही.

जून २०१६ मध्ये रेल्वेने 'जननी सेवा' सुरू करून निवडक स्थानकांवर गरम पाणी, दूध व बालखाद्य उपलब्ध केले. हेतू चांगला होता, पण अंगावर पाजणाऱ्या आईची गरज निराळी असते. तिला आडोसा आणि बसायला जागा हवी. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्तनपान हा आईचा संविधानाच्या अनुच्छेद २१ खालील हक्क असल्याचे मान्य केले. फेब्रुवारी २०२५ मधील निकालात सर्वोच्च न्यायालयाने केंद्राच्या २०२४ च्या सूचनापत्रानुसार पावले उचलण्यास राज्यांना सांगितले. अस्तित्वातील सार्वजनिक इमारतींत शक्य तेथे आणि नव्या इमारतींच्या नियोजनातच स्तनपान कक्षाची जागा ठेवावी, तसेच सार्वजनिक व कामाच्या ठिकाणी स्तनपानाकडे कलंक म्हणून पाहिले जाऊ नये, असा त्याचा आशय आहे.

या निकालातील दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा मानला पाहिजे. कक्ष झाल्यामुळे बाहेर बाकावर पाजणाऱ्या आईला 'आत जा' असे सांगण्याचा अधिकार कोणाला मिळत नाही. मार्च २०१८ मध्ये 'गृहलक्ष्मी' या मल्याळी नियतकालिकाने न झाकता स्तनपान करणाऱ्या स्त्रीचे चित्र मुखपृष्ठावर छापले तेव्हा प्रकरण केरळ उच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाने चित्र अश्लील मानण्यास नकार दिला. बघणाऱ्याची नजर बदलण्यास वेळ लागतो. तोपर्यंत वस्त्र हेच आईच्या हातातील साधन राहते.

गणवेशाचा प्रश्न

शासन स्वतः ज्या वस्त्रांचा निर्णय घेते, तेथे हा विषय व्यक्तिगत राहत नाही. महिला पोलीस, परिचारिका, बसवाहक यांचे गणवेश नियमाने ठरतात. खोचलेला शर्ट, पट्टा आणि वरून पिशवी अशा वेशात बाळाला पाजण्यासाठी निम्मा गणवेश उतरवावा लागतो, आणि कायद्याने मिळालेल्या विश्रांतीचा काही भाग त्यातच जातो. गर्भवती व स्तनदा कर्मचाऱ्यांसाठी सैल, पुढून उघडणारा पर्यायी गणवेश ठरविण्यास नव्या कायद्याची गरज नाही. गणवेशाच्या नियमात आणि खरेदीच्या निविदेत दोन-तीन ओळींची भर घालून ते होऊ शकते. त्यावरील जादा शिलाई ही रक्कम आस्थापनेच्या खर्चात मोजली जाईल आणि ताळेबंदात दिसेल. आज तोच खर्च कर्मचारी स्त्रीच्या विश्रांतीच्या मिनिटांतून वजा होतो.