एनडीएसाठी एसपीआय हवीच का?

प्रश्न : मुलगा दहावीत आहे. एनडीएसाठी त्याला संभाजीनगरच्या एसपीआयमध्ये (सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट) घालावे, की बारावीनंतर क्लास लावावा?

उत्तर : एसपीआयची प्रवेशपरीक्षा त्याला जरूर देऊ द्या. एनडीएच्या लेखी परीक्षेला ९०० गुण आहेत आणि त्यानंतरच्या एसएसबीच्या पाच दिवसांच्या मुलाखतीलाही तेवढेच. गणिताचे ३०० गुण क्लासमध्ये घोटून घेता येतात. पण गटचर्चेत दुसऱ्याचे ऐकून घेत आपला मुद्दा मांडणे, मैदानावर फळ्या नि दोर घेऊन अख्ख्या गटाला अडथळ्यापार नेणे, हे एसएसबीच्या त्या पाच दिवसांपुरते उसने आणता येत नाही. राज्य सरकारने १९७७ साली सुरू केलेल्या या संस्थेत त्यासाठी अकरावी-बारावीची दोन वर्षे मिळतात. निवड हुकली तर ती वाया जातील, ही भीती मला पटत नाही. बारावी विज्ञान पूर्ण होतेच, इंजिनिअरिंगची वाटही खुली राहते. मात्र ओढ मुलाची स्वतःची आहे ना, हे अर्ज भरण्याआधी त्याच्याशी निवांत बोलून पाहा.